नेरूलचा पाच, नाताळचा पंच

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. 1672 साली तो इंग्लंडहून निघाला, हिंदुस्थान आणि इराणात नऊ वर्षे फिरला आणि 1698 मध्ये त्याने आपल्या प्रवासाचा जाडजूड ग्रंथ लंडनला छापून घेतला. शिवकालाच्या अभ्यासकांना हा माणूस परिचयाचा आहे. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या इंग्रज वकिलातीची हकिकत त्याच्या ग्रंथात सापडते. मोगल किल्लेदाराच्या बोलावण्यावरून तो जुन्नरलाही जाऊन आला होता. याच ग्रंथात गोव्याचे वर्णन करताना तो बार्देशातल्या नेरूल गावाचा उल्लेख करतो. नेरूलला सर्वांत उत्तम अरॅक बनते, असे तो लिहितो. पुढे सांगतो, की या किनाऱ्यावरचे इंग्रज त्या अरॅकपासून अंगातले त्राण घालवणारे एक पेय तयार करतात. त्याचे नाव ‘पाँच’. इथल्या बोलीत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिन्नस पडतात.

आज डिसेंबरात जर्मनीतल्या जत्रेत लहान मुलांच्या हाती वाफाळता ‘किंडरपुन्श’ असतो, मेक्सिकोच्या गल्लीत मोठ्या पातेल्यातून ‘पोंचे’ ओतला जातो आणि स्वीडनमध्ये वाटाण्याच्या सूपबरोबर गरम ‘पुन्श’ घेतात. या तिन्ही नावांत फ्रायरने नोंदवलेला आपला पाच दडला आहे.

काही भाषाभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. ते पंच हा शब्द दारूच्या एका प्रकारच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात. त्यांच्या शंकेला आधार आहे, कारण जुन्या वर्णनांत जिन्नस नेहमी पाचच भरतात असे नाही. 1638 च्या सुमारास सुरतेत इंग्रज व्यापाऱ्यांचा पाहुणचार घेणारा जर्मन प्रवासी मांडेल्स्लो चारच सांगतो : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. फ्रेंच वैद्य बर्निये याने अरॅक, लिंबू, पाणी आणि वर थोडे जायफळ असे लिहून ठेवले आहे. पण एक गोष्ट कुणी नाकारत नाही. हे पेय आणि त्याचे नाव सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या पत्रांत आणि प्रवासवर्णनांत प्रथम दिसते. 1632 साली इथल्याच एका कंपनी नोकराच्या पत्रात पंचचा उल्लेख आहे. पंचामृताच्या वाटीत दूध, दही, तूप, मध आणि साखर मोजून घालणाऱ्या लोकांना एखाद्या पेयाचे नाव त्यातल्या जिनसांच्या संख्येवरून पडावे, यात नवल वाटू नये.

त्या काळचे अरॅक म्हणजे मुख्यतः माडीपासून गाळलेली दारू. काजूच्या पहिल्या धारेला गोव्यात आजही हुर्राक म्हणतात, तो शब्द याच अरॅकच्या कुळातला. पण फ्रायरच्या पेल्यातले अरॅक काजूचे नव्हे, माडाचे असावे. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथल्या इंग्रजांच्या खानावळवजा गुत्त्यांना तर पुढे बराच काळ ‘पंच-हाउस’ असेच म्हणत.

गंमत अशी की गोव्याच्या उकाड्यात हे पेय कुणी गरम करून पीत नसे. चुलीवर ते चढले युरोपात गेल्यावर.

मसाला घातलेले गरम मद्य मात्र युरोपात पंचच्या कितीतरी आधीपासून होते. रोमन पाककृतींचा जो संग्रह एपिसियसच्या नावावर आहे, त्याची सुरुवातच ‘कोंदितुम पारादोक्सुम’ नावाच्या मसालेदार वाइनने होते. मधात वाइन उकळायची, त्यात वाटलेली मिरी, केशर, एक सुगंधी पान, एका झाडाचा डिंक आणि खजुराच्या भाजलेल्या बिया घालायच्या. त्यातली मिरी मलबारची. मुझिरिस बंदरातून ती मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रात जाई आणि तिथून इजिप्तमार्गे रोमला पोचे. हिंदुस्थान दरवर्षी आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. त्या पैशातला बराच भाग मिरीपायी जात असे.

मध्ययुगात या वाइनला ‘हिपोक्रास’ हे नाव मिळाले. ते ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसवरून आले, तेही त्याच्या औषधामुळे नव्हे, तर गाळणीमुळे. मसाला भिजलेली वाइन ज्या टोकदार कापडी पिशवीतून गाळत, तिला ‘हिपोक्रेटिसची बाही’ म्हणत. दालचिनी, आले, लवंग, जायफळ, साखर असे महागडे पदार्थ त्यात पडत, म्हणून ते पेय राजेरजवाडे आणि धनिकांच्या मेजवानीपुरतेच राहिले. दालचिनी श्रीलंकेची, लवंग मोलुक्का बेटांची, जायफळ बांदा बेटांचे. समुद्रमार्ग खुले झाले, हे जिन्नस शेरांनी येऊ लागले, तेव्हा कुठे साध्या माणसाच्या पेल्यात दालचिनी पडली.

जायफळाचा हिशेब तर रक्ताने लिहिलेला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खरे जायफळ जगात फक्त इंडोनेशियातल्या बांदा या चिमुकल्या बेटांवर पिकत होते. 1621 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटर्सझून कून याने ती बेटे जिंकताना तिथल्या रहिवाशांची अमानुष कत्तल केली. हजारो माणसे मारली गेली, उपासमारीने मेली किंवा गुलाम म्हणून नेली गेली, आणि बागा डच मालकांना वाटून दिल्या गेल्या. बांदांपैकी रन नावाचे बेट इंग्रज आपले म्हणत. 1667 च्या ब्रेडा तहात त्यांनी त्यावरचा हक्क सोडला आणि डचांकडून घेतलेले एक अमेरिकी ठाणे स्वतःकडे ठेवले. ते ठाणे म्हणजे मॅनहॅटन, आजचे न्यूयॉर्क. नाताळात दुधावर किसल्या जाणाऱ्या त्या तपकिरी फळाची कथा सांगताना बांदाच्या माणसांना वगळणे योग्य नाही.

आज जायफळ कोकणातही पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ या जायफळाच्या आणि ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली आहे. माडा-पोफळीच्या सावलीत ही झाडे चांगली येतात. कोजागरीच्या आटीव दुधात जायफळ, वेलदोडा आणि केशर घालणाऱ्या मराठी घराला इंग्लंडचे जुने ‘पॉसेट’ परके वाटू नये. गरम दुधात वाइन किंवा एल म्हणजे जवाची बिअर ओतायची, दूध फाटून वर दाट थर येऊ द्यायचा, साखर आणि जायफळ टाकायचे. त्यासाठी चोच असलेली खास भांडी असत. चोचीतून खालचे पातळ प्यायचे आणि वरचा थर चमच्याने खायचा.

पॉसेटचे अमेरिकी भावंड म्हणजे एगनॉग : दूध, साय, अंडी, साखर, मद्य आणि जायफळ. आता ते बहुधा थंडच मिळते, पण हिवाळ्यात ऊन करून पिणारेही आहेत. या पेयापायी एकदा लष्करी अकादमीत दंगल झाली. 1826 च्या नाताळच्या पूर्वसंध्येला वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांनी दारूबंदी मोडून व्हिस्की चोरून आणली आणि बराकीत एगनॉगची मैफल मांडली. पहाटेपर्यंत खिडक्या, फर्निचर आणि जिन्याचे कठडे फुटले, अधिकाऱ्यांवर हल्ले झाले. पुढे सुमारे वीस कॅडेटांवर कोर्ट मार्शल चालले. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेचा अध्यक्ष झालेला जेफर्सन डेव्हिस त्या मैफलीत होता. तो लवकर खोलीत परतला म्हणून वाचला.

इंग्लंडातला खरा लोकोत्सव मात्र वासेलचा. ‘बरा राहा’, ‘निरोगी राहा’ अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स आणि इंग्रजी शब्दांतून हे नाव आले. वाडग्यात गरम एल किंवा सफरचंदाची दारू, साखर, जायफळ, आले आणि वर भाजलेली सफरचंदे. सफरचंद भाजल्यावर फुटते, त्याचा पांढरा गर पेयावर लोकरीसारखा फुलतो, म्हणून या पेयाच्या एका प्रकाराचे नाव ‘लॅम्ब्सवूल’, कोकराची लोकर. ही वाडगी घेऊन लोक घरोघर गाणी म्हणत फिरत. सॉमरसेटसारख्या सफरचंदांच्या मुलखात तर ती मिरवणूक बागेत जाते. तिथल्या कारहॅम्प्टन गावात 17 जानेवारीच्या संध्याकाळी लोक बागेतल्या जुन्या झाडाभोवती गोळा होतात. सफरचंदाच्या दारूत भिजवलेले पावाचे भाजके तुकडे फांद्यांत अडकवतात, ते रॉबिन पक्ष्यांसाठी. खोडाशी थोडी दारू ओततात. मग दुष्ट शक्तींना पळवायला बंदुकांचे बार काढतात आणि झाडाला चांगले फळ धर म्हणून गाणे म्हणतात.

तारीख 17 का? नाताळनंतरची बारावी रात्र तर 6 जानेवारीला येते. 1752 मध्ये इंग्लंडने नवे पंचांग स्वीकारले आणि कॅलेंडरातले 11 दिवस गाळले. झाडांना सरकारी पंचांग कळत नाही, अशा भावनेने गावाने जुनी तारीख धरून ठेवली.

अरॅकचा पंच लंडनला पोचला, तेव्हा या वासेलच्या वाडग्यात त्याला जागा तयारच होती. अठराव्या शतकात वेस्ट इंडीजची रम स्वस्तात येऊ लागली आणि महागडे अरॅक मागे पडले. पण बाकीचा सांगाडा तोच राहिला : तिखट मद्य, आंबट लिंबू, गोड साखर, पाणी आणि मसाला. हिवाळ्यात पाणी उकळते घालायचे, एवढाच फरक. चार्ल्स डिकन्सला पंच करण्याची फार हौस होती. 1847 च्या एका पत्रात त्याने आपली कृती सविस्तर लिहून पाठवली आहे. लिंबाची साल आणि साखर यांवर रम आणि ब्रँडी ओतून पेटवायची, ज्योत विझवून लिंबाचा रस आणि उकळते पाणी घालायचे आणि भांडे झाकून ठेवायचे. डिसेंबर 1843 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या कथेत गरीब कारकून बॉब क्रॅचिट नाताळच्या जेवणात बाही सरसावून जिन आणि लिंबाचे गरम पेय शेगडीजवळ ठेवतो. कथेच्या शेवटी त्याचा बदललेला मालक स्क्रूज त्याला ‘स्मोकिंग बिशप’ पाजण्याचे आमंत्रण देतो. कडवट संत्र्यांत लवंगा खोचून ती विस्तवावर भाजायची, मग गोड पोर्ट वाइनमध्ये मुरवून पिळायची, की हा बिशप तयार होतो. रंग बिशपच्या झग्यासारखा जांभळा, म्हणून हे नाव. कंजूष मालकाने गरम पेयाच्या वाडग्याशी नोकराला शेजारी बसवणे, हाच त्या कथेतला समेटाचा क्षण आहे. डिकन्सने तिथे जेवणाच्या ताटाऐवजी एकाच वाडग्यातले पेय निवडले, ते विचार करूनच असणार.

जर्मनीत वाडग्याची जागा मातीच्या मगाने घेतली. ड्रेस्डेनचा ‘श्ट्रीत्सेलमार्क्ट’ हा नाताळबाजार 1434 पासून भरतो. सुरुवातीला तो एका दिवसाचा मांसबाजार होता, आता तो अनेक आठवडे चालतो. अंधार चार वाजताच पडतो. लाकडी टपऱ्यांवर दिवे लागतात, बदाम साखरेत परतल्याचा वास येतो आणि ग्लूवाइनच्या टपरीपुढे रांग असते. मगासाठी अनामत भरावी लागते. मग परत केला तर पैसे परत, नाही तर मग तुमचा. मगांवर शहराचे आणि बाजाराचे चित्र असते, बरेच ठिकाणी ते वर्षागणिक बदलते, म्हणून अनामतीवर पाणी सोडून मग घरी नेणारे खूप. कित्येक जर्मन घरांच्या फडताळात अशा मगांची रांगच रांग असते.

ग्लूवाइन म्हणजे ‘तापून लाल झालेली’ वाइन. लाल किंवा पांढरी वाइन, साखर, दालचिनी, लवंग, बहुधा चक्रफूल आणि संत्र्याची साल. युरोपीय संघाच्या नियमानुसार या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयात मद्यार्क किमान 7 टक्के हवा. पाणी ओतून वाढवलेल्या मालाला ते नाव लावता येत नाही. चांगला टपरीवाला भांड्याला कधी उकळी येऊ देत नाही. मद्यार्काचा उत्कलनांक सुमारे 78 अंश आहे. वाइन जसजशी उकळीकडे जाते, तसतसा मद्यार्क झपाट्याने उडतो, लवंग जास्त उतरते आणि चव कडवट होते. काढा करणाऱ्या आपल्या घरातही हाच अनुभव आहे. लवंग आणि दालचिनी फार वेळ उकळली, की घशाला जड जाते.

शेजारीच मुलांसाठी किंडरपुन्श असतो, सफरचंद किंवा द्राक्षाचा रस आणि तोच मसाला. सहा वर्षांची मुलगी हातमोज्यांत मग धरून फुंकर घालत असते आणि तिच्या आईच्या हातात तसलाच मग. दोघींच्या मगातून वाफ सारखीच येते.

जर्मनांचे सर्वांत देखणे पेय म्हणजे ‘फॉयरत्सांगनबोले’. मसालेदार वाइनच्या भांड्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवतात, तिच्यावर साखरेचा शंकूसारखा ठोकळा ठेवतात, त्यावर 54 टक्क्यांची रम ओततात आणि पेटवतात. निळी ज्योत ठोकळ्याभोवती फिरते, साखर वितळून थेंब थेंब वाइनमध्ये पडते आणि चर्र आवाज होतो. साखरेला जर्मनीत ‘त्सुकर’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ आपल्या शर्करेत आहे. याच नावाच्या 1944 च्या विनोदी चित्रपटात काही मंडळी हे पेय पीत पीत शाळेच्या आठवणी काढतात. ग्योटिंगेन विद्यापीठातले विद्यार्थी दर डिसेंबरात तो चित्रपट एकत्र पाहतात.

स्वीडनची वाट वेगळी. तिथे अरॅक टिकून राहिले. 1731 मध्ये स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, तिची जहाजे योटेबोरीहून पूर्वेकडे जात आणि परतताना चहा-चिनी मातीबरोबर जावाचे अरॅक आणत. त्याचा पुन्श स्वीडिश जीवनात इतका रुजला, की गुरुवारच्या पिवळ्या वाटाण्याच्या सूपबरोबर तो आजही गरम वाढतात. नाताळाचे पेय मात्र ‘ग्लोग’. नाताळच्या मोसमात घरोघरी तो लहानशा कपांतून फिरतो. कपाच्या तळाशी मनुका आणि सोललेले बदाम असतात, ते खायला चिमुकला चमचा देतात. मसाल्यात लवंग, दालचिनी, आले आणि ठसठशीत वेलदोडा. वेलदोडा मूळचा मलबारच्या घाटांतला. स्वीडिश बेकऱ्यांना तो इतका लागतो, की तिथल्या गोड पावांना आपल्या श्रीखंडाचा वास येतो. आज जगाच्या बाजारातला बराच वेलदोडा मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातून येतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने ते रोप तिथे नेले होते.

थंडीत या पेयांनी ऊब येते ती खरी की भास? याचे उत्तर दोन भागांत आहे. आल्यातले जिंजरॉल आणि मिरीतले पायपेरिन मज्जातंतूंच्या त्याच ग्राहकांना जागे करतात, जे प्रत्यक्ष उष्णता ओळखतात. म्हणून आल्याचा घोट कोमट असला तरी घशाला कढत वाटतो. गरम मग हातांत धरल्याने बोटांना ऊब मिळते, ती तर अगदी खरी. पण मद्यार्काची ऊब फसवी असते. त्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीकडे धावते, गाल लाल होतात, आणि शरीराच्या आतली उष्णता बाहेर निसटते. बर्फात अडकलेल्या माणसाला ब्रँडी पाजण्याची चित्रपटातली रीत म्हणूनच धोक्याची आहे. त्याला कोरडे कपडे आणि शुद्धीवर असल्यास गोड, गरम, बिनदारूचे पेय द्यावे.

तसे पेय मेक्सिकोत मिळते. 16 ते 24 डिसेंबर या नऊ रात्री तिथे ‘पोसादा’ होतात. योसेफ आणि मारिया यांनी मुक्कामाची जागा शोधली, तो प्रसंग शेजारीपाजारी उभा करतात. एक गट दाराबाहेर गाण्यातून आसरा मागतो, आतला गट गाण्यातूनच नकार देतो, आणि शेवटी दार उघडते. मग अंगणातल्या मोठ्या पातेल्यातून ‘पोंचे नाविदेन्यो’, म्हणजे नाताळचा पंच, कपांत ओततात. पातेल्यात काय नसते! तेखोकोते नावाची छोटी, पिवळी, सफरचंदाच्या कुळातली फळे, पेरू, सोललेल्या उसाचे करवे, सुकी आलुबुखारे, चिंच, लाल अंबाडीची बोंडे, दालचिनीच्या कांड्या आणि पिलोन्सिलो. पिलोन्सिलो म्हणजे शंकूच्या आकाराची गुळाची ढेपच. ज्यांना हवे ते आपल्या कपात थोडी दारू टाकतात. पातेले मात्र आजी आणि नातवंडे दोघांचे असते. कपात चमचा घालून फळे खायची आणि उसाचा करवा हातात घेऊन चोखायचा.

त्या एका पातेल्यात जगाचा केवढा प्रवास शिजत असतो! पेरू आणि तेखोकोते तिथलेच. पेरू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. ऊस गेला उलट दिशेने. त्यापासून साखर करण्याची कला हिंदुस्थानात विकसित झाली, अरबांमार्फत ती भूमध्य समुद्रापर्यंत पोचली आणि 1493 मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत ऊस अमेरिकेला उतरला. चिंचेच्या ‘तामारिंदो’ या नावाचा मूळ अरबी अर्थ ‘हिंदचा खजूर’. दालचिनी तर मेक्सिकोला इतकी आवडते, की श्रीलंकेच्या अस्सल दालचिनीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तो देश आहे. आणि पेयाचे नाव बहुधा आपल्या पाचावरून. नाताळच्या सगळ्या पेयांत उजवे कोणते, असे विचारले तर या पोंचेकडे बोट दाखवावे लागेल. त्यात मद्य लागत नाही, ते एकट्यासाठी करता येत नाही, आणि ते मागायला आधी कुणाच्या तरी दारात उभे राहून गावे लागते.

याच नऊ दिवसांत पॅसिफिकच्या पलीकडे फिलिपिन्समध्ये ‘सिंबांग गाबी’ची पहाटेची प्रार्थना चालते. लोक काळोखात चर्चला जातात आणि बाहेर पडल्यावर ओट्यांवर तांदळाचे गोड पदार्थ आणि ‘सालाबात’ म्हणजे आल्याचे गरम पाणी घेतात. तिथे बर्फ नसते, पहाटेचा गारवा एवढाच. ब्राझीलमध्ये तर ऋतूच उलटा. तिथला हिवाळा जूनमध्ये, म्हणून ऊसदारू, आले, लवंग आणि दालचिनीचे ‘केंताँव’ नाताळात नव्हे, 24 जूनच्या संत जॉनच्या सणात, शेकोटीभोवती पितात. आपल्या गोव्यातला सांजाव तोच सण, फक्त तिथे त्या दिवशी पाऊस असतो आणि पोरे विहिरीत उड्या मारतात.

नाताळचा मोसम 6 जानेवारीला संपतो. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांचा तो दिवस. मेक्सिकोत त्या दिवशी गोल गोड पाव कापतात आणि गरम चॉकलेट घोटतात. गोव्यात त्या राजांच्या नावाचे गावच आहे : रेइश मागुश, पोर्तुगीज भाषेत ‘राजे ज्योतिषी’. 6 जानेवारीला तिथे तीन मुलगे मुकुट घालून घोड्यांवरून मिरवत चर्चला जातात. त्या गावाला लागून असलेले पुढचे गाव म्हणजे फ्रायरचे नेरूल.

बिनदारूचा पाच घरी करून पाहायचा असेल, तर चार कप पाण्यात मूठभर गूळ, बोटभर आले ठेचून, दालचिनीचा तुकडा आणि दोन-तीन लवंगा घालून दहा मिनिटे मंद आचेवर ठेवा. पेरूच्या किंवा सफरचंदाच्या फोडी घातल्या तर उत्तमच. भांडे उतरवून जरा निवू द्या आणि मगच लिंबू पिळा, कारण उकळत्या पाण्यात पिळलेले लिंबू कडू होते. जायफळ कपात ओतल्यावर वरून किसा, आणि अगदी चिमूटभरच. पातेले मोठे घ्या आणि शेजाऱ्यांनाही हाक मारा.